जानेवारीपर्यंत थांब

फर्नडेल
१८ सप्टेंबर २०२३

प्रिय लूर्देस,

राज्याच्या कर-विभागाचं पत्र आलंय आणि ते वाचल्याबरोबर मला तू आठवलीस. याला भावाची माया म्हणायचं की आणखी काही, ते तू ठरव.

पत्राची नक्कल सोबत जोडतोय. २०२१ सालचा कर मी कमी भरला असं त्यांचं म्हणणं. कारण काय, तर माझं आरोग्य-बचत खातं. दर पगारातून थोडे पैसे त्यात जातात, आजारपणासाठी बाजूला पडतात आणि त्यावर कर लागत नाही, असं मला एल्को गावी नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिकडे नेवाडा राज्यात बारा वर्षं असंच चाललं. मग या राज्यात आलो आणि त्याच पद्धतीने भरत राहिलो. आता हे म्हणतात की आम्हाला ते खातं मान्यच नाही. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला चालतं, मग साक्रामेंटोतल्या आपल्या राज्य सरकारच्या पोटात का दुखावं?

त्या खात्यातल्या एका डॉलरलाही मी हात लावलेला नाही, एवढं ऐकून तरी खूश हो. एकतीस हजार झालेत.

तुमच्या चर्चच्या उत्सवाला आलो नाही म्हणून तू फुगून बसली असशील. खरं सांगतो, घसा बसलाय. जुलैत बसला तो उठायचं नाव घेत नाही. क्रीमरीत लोणी काढणारी पोरं मला बेडूक म्हणतात. डॉ. सोरेन्सनने मानेच्या डाव्या बाजूला बोटं दाबून पाहिली, एकाच जागी परत परत. मग स्कॅन सांगितलं आणि सुई घालून तपासणीही. दोन्ही मिळून पाच हजारांच्या घरात जातं. माझ्या विम्याचा उंबरठा तुला माहीत आहे, वर्षातले पहिले पाच हजार माझ्या खिशातून आणि पुढचे त्यांच्या. म्हणजे हे सगळं माझ्याच अंगावर येणार. काय करू ते कळव.

फोन करू नकोस. यंत्रांनी माझ्या कानांची वाट लावलीय. तू काय बोलतेस ते कळत नाही, आणि तू थांबतही नाहीस.

तुझा,
अमारो


गुस्टीन
२५ सप्टेंबर

अमारो,

चाळीस वर्षं मी या गावातल्या निम्म्या लोकांचे कराचे कागद भरतेय, आणि माझा सख्खा भाऊ कॉम्प्युटरला विचारून भरतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता नीट वाच. सगळ्या देशात दोनच राज्यं हे खातं मानत नाहीत, एक न्यू जर्सी आणि दुसरं आपलं. साक्रामेंटोच्या नजरेत तुझं ते खातं म्हणजे आईचा बिस्किटांचा डबा. डब्यात पैसे लपवले म्हणून काही पगार कमी होत नाही. तेव्हा २०२१ मध्ये तू टाकलेले चार हजार सहाशे राज्याच्या कागदावर उत्पन्नात परत मिळवायला हवे होते. पगाराच्या वार्षिक कागदावर वॉशिंग्टनचा आकडा वेगळा आणि राज्याचा वेगळा, थोडा मोठा, असा असतो. तुझ्या कागदावर दोन्ही सारखे आहेत. तुमचे पगार काढणारा माणूस विस्कॉन्सिनमध्ये बसतो ना? त्याच्या गावी ही भानगड नाही, म्हणून त्याला सुचलं नाही. तुला सुचायला हवं होतं.

कर आणि व्याज मिळून चारशेच्या आसपास होतील. मुकाट्याने भर. पुढच्या वर्षांचे कागद मी दुरुस्त करते. त्यासाठी मला त्या खात्याचं वर्षाचं विवरण लागेल, सगळी पानं. खात्यात जे व्याज पडतं त्यावरही आपलं राज्य कर घेतं. वॉशिंग्टन ते पान उघडायलाही सांगत नाही, पण आपल्याकडे उघडावंच लागतं.

आता तुझं स्कॅन. यंदा तू डॉक्टरवर एकूण किती खर्च केलास? दीडशे? मग सप्टेंबर संपताना पाच हजारांचा उंबरठा ओलांडून काय मिळणार? तीन महिन्यांत वर्ष संपेल आणि एक जानेवारीला नवा उंबरठा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तपासणीचे पैसे या वर्षात गेले आणि पुढचा उपचार दुसऱ्या वर्षात, की दोनदा भरा. जानेवारीपर्यंत थांब. स्कॅन, सुई, काय असेल तो उपचार आणि तुझी ती कानात घालायची यंत्रं, सगळं एकाच वर्षात बसव. यात आणखी एक फायदा आहे. राज्याने त्या पैशांवर आधीच कर घेतलाय, म्हणून त्यातून केलेला दवाखान्याचा खर्च राज्याच्या कागदावर वजावट म्हणून दाखवता येतो. पण तो एका वर्षात भरपूर असावा लागतो. वॉशिंग्टन ही सवलत देत नाही. बघ, साक्रामेंटो अगदीच निर्दय नाही.

घशासाठी गरम दुधात मध आणि दालचिनी घे. उत्सवात तुझ्या वाटणीचं सूप-पाव मी खाल्लं.

लूर्देस


फर्नडेल
२४ ऑक्टोबर

प्रिय लूर्देस,

राज्याचा चेक गेला. चारशे अकरा डॉलर. लिहिताना आकडा दोनदा चुकला, तो पैशांमुळे असं समज.

तू म्हणालीस तसं केलं. डॉ. सोरेन्सनकडे जाऊन सांगितलं की आम्ही जानेवारीत करू. तिने विचारलं, आम्ही म्हणजे कोण? मी म्हटलं, मी आणि माझी बहीण, ती हिशेबाला पक्की आहे. बाईने पेन उचललं. मग कागदावर काहीतरी लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पुन्हा तिथेच बोटं दाबली. या वेळी जरा दुखलं. जानेवारीच्या तीन तारखेची वेळ घेतली आहे.

दालचिनीचं दूध घेतोय. घट्ट काही खावंसं वाटत नाही, म्हणून सूपवरच आहे. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं. क्रीमरीत दिवसभर लोण्यात हात आणि माणूस वाळतोय, अशी चेष्टा चालते.

विवरण शोधतोय, सापडलं की पाठवतो.

हो, एक विचारायचं होतं. कामावरच्या एकाला माहिती हवी आहे. असल्या खात्याचा मालक गेला, तर त्यातल्या पैशांचं काय होतं? त्याला बायको नाही.

तुझा,
अमारो


गुस्टीन
२ नोव्हेंबर

अमारो,

आज मृतांचा दिवस. आई-बाबांच्या कबरीवर शेवंती ठेवून आले. धुकं इतकं होतं की दगडावरची नावं हाताने चाचपावी लागली. आल्याआल्या तुझं पत्र घेऊन बसले.

तुझ्या त्या माणसाला सांग, खात्यावर बायकोचं नाव असतं तर खातं तसंच तिच्याकडे जातं, काही कटकट नाही. भाऊ, बहीण, मित्र असं दुसरं कोणी असेल, तर मालक जातो त्याच दिवशी ते खातं आरोग्याचं राहत नाही. जेवढे पैसे असतील तेवढे सगळे वॉशिंग्टन त्या वारसाचं त्या वर्षाचं उत्पन्न धरतं. आपलं राज्य मात्र मूळ रकमेवर पुन्हा हात मारत नाही, त्याने आधीच घेतलेलं असतं. म्हणजे आपण ज्याला इतकी वर्षं शिव्या घालतो, तेच शेवटी गप्प बसतं. गंमत आहे की नाही?

शहाणपण एवढंच, की जिवंत असताना ते पैसे खर्च करावेत. नाहीतर बायको करावी. त्या माणसाला दोन्ही सांग आणि तूही ऐक.

पोट कमी झालं हे बरंच झालं. बाबांसारखी ढेरी सुटली होती तुझी.

विवरण पाठव. हे तिसऱ्यांदा मागते आहे असं धर.

लूर्देस


फर्नडेल
५ डिसेंबर

लूर्देस,

नाताळाला येत नाही. पावसाने डोंगर रस्त्यावर येतो, तुला माहीत आहे. आणि गोड पावाची टोपली पाठवू नकोस. या दिवसांत पाव उतरत नाही. दुधात भिजवला तरी वाटेत अडतो आणि मग मला टेबल धरून उभं राहावं लागतं. शेजारचे पीटरसन खातील, पण त्यांच्यासाठी तू कशाला राबायचं?

आवाज आता जवळजवळ गेलाच. कामावर पाटी लावलीय, 'ओरडू नका, मीही ओरडू शकत नाही.' बहिरा आणि मुका, दोन्ही जागा मीच भरल्यात.

डॉ. सोरेन्सनच्या दवाखान्यातून फोन येत होते. ऐकू येत नाही म्हणून उचलले नाहीत. मग तिने पत्र पाठवलं. ते स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलंय. उघडलेलं नाही. उघडलं तर जावं लागेल, आणि जायचं तर तीन तारखेला आहेच. आता चार आठवडे राहिले. इतकं थांबलो, आता शेवटच्या महिन्यात कशाला हिशेब मोडायचा?

अमारो


गुस्टीन
११ डिसेंबर

अमारो,

तुझं पत्र ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचलं आणि मग बसून वाचलं.

ते पाकीट उघड. पाकीट उघडायला उंबरठा लागत नाही.

दोन रात्री मला झोप नाही. पाव अडतो हे तू असं लिहितोस, जसं काही नळात कचरा अडकलाय. मी कागद घेऊन बसले आणि पुन्हा मांडून पाहिलं. आत्ता गेलास तर पाच हजार आत्ता आणि पाच हजार जानेवारीत. तीन तारीख अगदी तोंडावर आली आहे हेही खरं. तुला जास्त त्रास होत असेल तर आत्ताच जा. नसेल होत, तर तीन आठवडेच आहेत. तुला किती त्रास होतोय ते तुलाच माहीत, मला इथून काय दिसणार?

तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंनी विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, भावाच्या घशासाठी.

विवरण अजून आलेलं नाही. तू ते का पाठवत नाहीस?

लूर्देस


फर्नडेल
५ जानेवारी २०२४

प्रिय लूर्देस,

हे घे तुझं विवरण. सगळी पानं.

तीन तारखेला स्कॅन झालं. यंत्र अगदी स्वच्छ होतं आणि चालवणारी मुलगी फार गोड बोलायची. आत जाताना तिने हसून विचारलं, नवीन वर्ष कसं सुरू झालं? बाहेर आलो तेव्हा ती नुसती माझं जाकीट हातात धरून उभी होती. काल सुई घालून झाली. उंबरठा दोन दिवसांत पार झाला. तुझा हिशेब पैशाला पैसा बरोबर निघाला.

निकाल सोळा तारखेला आहे. सोबत कोणीतरी आणा असं त्यांनी लिहून दिलंय.

अमारो


गुस्टीन
१० जानेवारी

अमारो,

विवरण मिळालं. मी व्याजाचा आकडा शोधत होते, राज्यासाठी. दुसऱ्या पानावर तो सापडला, सत्तेचाळीस डॉलर. त्याच्या बरोबर खाली वारसाची ओळ होती. वारस, लूर्देस सिल्वेरा, बहीण. नोंद २३ ऑक्टोबरची.

तुझं ते पत्र काढून पाहिलं. २४ ऑक्टोबर. कामावरच्या एकाला माहिती हवी आहे, म्हणे.

तू मला मरणाचं विचारत होतास आणि मी तुला कर सांगितला. वर गंमत आहे की नाही असंही लिहिलं. अमारो, मी लोकांच्या पावत्या चाळीस वर्षं वाचत आले आहे. एखाद्या घरात आधी कोणती पावती येते आणि शेवटी कोणती, ते मला पाठ आहे. तू पट्ट्याच्या भोकाबद्दल लिहिलंस तेव्हाच ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं. ढेरीची चेष्टा मी मुद्दाम केली. घाबरले होते म्हणून केली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे.

मी येणार आहे. माझे डोळे, माझे कान, जे लागेल ते घे. सोळाला मात्र तुला पीटरसनबाईंना न्यावं लागेल. अकरा डेअऱ्यांच्या गड्यांचे पगाराचे वार्षिक कागद माझ्या टेबलावर पडलेत आणि ते ३१ तारखेच्या आत गेले नाहीत तर प्रत्येक कागदामागे दंड बसतो. ते संपवून १ फेब्रुवारीला पहाटे निघते. तीनच आठवडे आहेत. तोवर सूप घे आणि पाकीट उघड.

लूर्देस


फर्नडेल
१६ जानेवारी

प्रिय लूर्देस,

दवाखान्यातून येऊन बसलोय. पीटरसनबाई बाहेर गाडीत रडताहेत, म्हणून मी आत आलो.

डॉ. सोरेन्सन खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली आणि सावकाश बोलली. सगळं ऐकू आलं. सप्टेंबरमध्ये तपासून घेतलं असतंत तर कापून काढण्याचं बोललो असतो, असं ती म्हणाली. आता गाठ अन्ननळीला धरून बसली आहे. आता आधी किरण, मग औषध, मग बघू. यातलं 'मग बघू' ती खिडकीकडे बघत म्हणाली.

घरी येऊन पाकीट उघडलं. चौदा नोव्हेंबरचं पत्र आहे. लिहिलंय, खर्चाचं कारण असेल तर दवाखाना हप्ते बांधून देईल, एक पैसा आधी भरू नका, पण जानेवारीची वाट बघू नका. दोन महिने ते मिठाच्या डब्याशी उभं होतं. खात्यात एकतीस हजार आणि मी हप्त्यांच्या पत्राला भ्यायलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तुझ्यावर राग नाही. तू सांगितलंस ते चूक नव्हतं, मला ते हवंच होतं. तू थांब म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी शीळ घालत कामावर गेलो. मला भीती वाटत होती, लूर्देस. तुझ्या हिशेबाने तिला चांगलं नाव मिळालं.

पण आता एक मागतो. तू १ फेब्रुवारी लिहिलंस. तीनच आठवडे आहेत असंही लिहिलंस, आणि ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं. मला आता कोणतीही तारीख सांगू नकोस. हे पत्र मिळालं की नीघ. मी एकटा आहे आणि या घरात फार शांत असतं.

येताना पाव आणू नकोस.

अमारो


गुस्टीन
१९ जानेवारी
(दारावर चिकटवलेली चिठ्ठी)

सर्व डेअरीवाल्यांना,

तुमचे कागद आतल्या टेबलावर नावाप्रमाणे ठेवले आहेत. सहा जणांचे पूर्ण आहेत, पाच जणांचे अर्धे राहिलेत. दार उघडं आहे, ज्याचे त्याने न्यावेत आणि दुसऱ्या कोणाकडून पुरे करून घ्यावेत.

मी उत्तरेला माझ्या भावाकडे गेले आहे. कधी येईन ते सांगता येत नाही.

ज्यांच्या कागदांना उशीर होईल त्यांनी दंडाची पावती माझ्या नावाने पाठवावी, मी भरीन. या उशिराचा दंड भरता येतो.

लूर्देस सिल्वेरा